डाव्या वाटीतले चिंचोके

"आत गेलं तेवढं भायेर आलं काय, ते पाह्य आधी. शाई मंग सांड."

पडद्यापलीकडून हे ऐकू आलं, तेव्हा अमरावतीच्या त्या रुग्णालयात परिचारिका म्हणून माझा दुसरा की तिसरा दिवस होता. मला वाटलं, मेट्रनबाई कुणा परिचारिकेला झापताहेत. पडदा सरकला तर समोर वॉर्डातली आया. ठेंगणी, पन्नाशीची, पदर कमरेला खोचलेला आणि एक कोपर टबातल्या कोमट पाण्यात बुडवलेलं. सगळे तिला आयाबाई म्हणत. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. हजेरीपटावर त्यांचा अंगठा असतो आणि वॉर्ड त्यांच्या जिवावर चालतो.

साठ सालानंतरची ही गोष्ट. मूत्रपिंडं बंद पडलेल्या माणसासाठी आमच्याकडे यंत्र नव्हतं. मुंबईहून शिकून आलेल्या डॉक्टरांनी एक पद्धत सुरू केली होती. पोटात बारीक नळी घालायची, तिच्यातून दोन बाटल्या औषधी पाणी सोडायचं, अर्धा तास आत ठेवायचं आणि बाटल्या जमिनीवर उतरवून तेच पाणी अंगातलं विष घेऊन परत काढायचं. असं दिवसभर. बाटल्या टबात ठेवून अंगाइतक्या कोमट करायला हव्यात आणि आत किती गेलं, बाहेर किती आलं याचा तक्ता हवा. तक्ता आम्हा परिचारिकांचा, टब आयाबाईंचा.

पाण्याची उष्णता मोजायला काचेची नळी होती. आयाबाई तिला हात लावत नसत. "लेकराचं न्हाणं मी कोपरानं पाह्यतो, कांडीनं नाई." मी एकदा त्यांची पाठ वळल्यावर मोजून पाहिलं. पाणी अगदी हवं तसं होतं.

"मोजलं ना?" पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या. "आता झोप येईन तुले."

तक्ता त्यांना वाचता येत नसे. म्हणून खिडकीत तामचिनीच्या दोन वाट्या ठेवलेल्या. बाटली आत गेली की डाव्या वाटीत एक चिंचोका, भरून बाहेर आली की उजव्या. परिचारिका हसायच्या. "आयाबाई, एवढी चिंच खातं कोण?"

"चिंच माह्या नातीनं खाल्ली. जीव तुह्या पेशंटचा हाये."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी बोलताना अडखळायची आणि इंग्रजीही कुणी विचारल्याशिवाय बोलायची नाही. अक्षर मात्र सुरेख होतं, त्यामुळे वॉर्डातले सगळे तक्ते हळूहळू माझ्याकडे आले. आयाबाई मला चारचौघांत 'शिष्टर' म्हणत, एरवी 'पोरी'. "पोरी, तोंडाले टाके घातले काय तुह्या?" असं विचारून उत्तराची वाट न बघता पुढे जात. ते मला बरं वाटायचं.

एकदा मोर्शीकडची एक सून आली. घरची संत्र्याची बाग होती. बाळंतपणात फार रक्त गेलं आणि लघवी बंद झाली. बाळ घरी, सोबत सासू. आयाबाईंच्या घरचे छप्पन सालीच बौद्ध झालेले, हे सासूला पहिल्याच दिवशी कळलं. तिने पिण्याचा तांब्या उचलून पलंगाच्या पलीकडे ठेवला. आयाबाईंनी ते पाहिलं. बाटली पुसता पुसता मला हळूच म्हणाल्या, "तोंडानं माह्या हातचं चालत नाई. थेट पोटात सोडलं त चालते."

तिसऱ्या दिवशी नागपूरहून मोठे साहेब पाहणीला यायचे होते. तक्त्यात खाडाखोड दिसता कामा नये, असं मेट्रनबाईंनी सकाळीच बजावलं. म्हणून मी दुपारपर्यंतचे रकाने आधीच भरून ठेवले. दोन आत, दोन बाहेर. दोन आत, दोन बाहेर. रोज तसंच तर व्हायचं.

अकराच्या सुमारास आयाबाई माझ्याजवळ आल्या.

"पोरी, डाव्या वाटीत चार जास्त हायेत. पाणी आतच राहून राह्यलं."

मी वाट्यांकडे पाहिलं. मग तक्त्याकडे. व्हरांड्यात साहेबांचे बूट वाजत होते.

"नंतर पाहू," मी म्हटलं.

साहेबांनी तक्ता पाहिला, अक्षराचं कौतुक केलं आणि गेले. ते जिना उतरत असतानाच सुनेला धाप लागली. ओठ निळे पडले. डॉक्टर येईपर्यंत आयाबाईंनी तिला उशांवर टेकवून उठवलं, एका कुशीवर कलवलं, आणि अडलेली नळी मोकळी होऊन पाणी वाहू लागलं. "ये माय, ये," त्या पाण्याशीच बोलत होत्या. बाटल्यांमागून बाटल्या भरल्या. सून वाचली.

मेट्रनबाईंच्या खोलीत चौकशी झाली. तक्त्याप्रमाणे सगळं पाणी बाहेर आलं होतं. मग पोटात एवढं साठलं कसं? सासूने सांगितलं, ती बाई सारखी बाटल्यांना हात लावायची. त्यावरून ठरलं, की अडाणी आयाने आपल्या मनाने जादा बाटल्या लावल्या.

"वाट्या पाहून घ्या साहेब," आयाबाई डॉक्टरांना म्हणाल्या.

वाट्या रिकाम्या होत्या. त्या धावपळीत कुणीतरी चिंचोके केरात टाकले होते. डॉक्टरांनी मला इंग्रजीत विचारलं, तक्ता खरा आहे ना? आयाबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी इंग्रजीतच हो म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना धुलाईघरात पाठवलं. आठवड्याने मी तिकडे गेले. त्या दोरीवर चादरी टाकत होत्या.

"शिष्टर, काय विचारलं होतं डॉक्टरनं तुमाले?"

मी सांगितलं.

"अन् तुमी काय म्हणल्या?"

त्यांनी चादरीचं टोक ताणून सरळ केलं.

"मले वाटलं, काई मोठं बोलल्या असान. एवढुसाच त आवाज आला."

त्यानंतर त्यांनी मला कधी 'पोरी' म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी रुग्णालयाने मला मुंबईला शिकायला पाठवलं. का, तर तक्ते चांगले ठेवते. परत आल्यावर मी वॉर्डात नवे नियम घातले. पाणी बाहेर आल्याशिवाय नोंद करायची नाही. भरलेल्या बाटल्या पाळी बदलेपर्यंत ओतायच्या नाहीत. तक्ता एकीने भरायचा आणि बाटल्या दुसरीने वेगळ्या मोजायच्या. मेट्रनबाईंनी ते नियम माझ्या नावानिशी भिंतीवर लावले. मी नाव खोडलं नाही. खाडाखोड मला कधी जमलीच नाही.

मग नव्या परिचारिकांना शिकवायला मला अकोल्याला नेमलं. आयाबाई काम सोडून जठारपेठेत लेकीकडे राहतात, असं ऐकलं होतं. गेल्या गेल्या दोन महिने मी उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत काढले. शेवटी गेले तेव्हा लेकीने दार उघडलं. माय उन्हाळ्यातच गेली, म्हणाली. मला बसवलं, पाणी दिलं. मी तांब्या रिकामा केला.

"तुमी त्याच काय, सुंदर अक्षराच्या शिष्टर?"

मी मान हलवली.

"माय लय सांगे. त्या पोरीवानी अक्षर कोनाचंच नाई, म्हणे."

"आणखी काही म्हणायच्या?"

"नाई. एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात गेले, तर फळ्याशेजारी नमुन्याचा तक्ता टाचलेला. मेट्रनबाईंनी अमरावतीहून मुद्दाम पाठवलेला. मी लांबूनच ओळखला. दोन आत, दोन बाहेर. पहिल्या बाकावरची एक मुलगी तो वहीत उतरवून घेत होती.

"बाई, इतकं स्वच्छ कसं लिहायचं?" तिने विचारलं.

सगळ्या मुली माझ्याकडे पाहू लागल्या. मी टाचण्या काढून तक्ता हातात घेतला.

"हा तक्ता खोटा आहे," मी म्हणाले. "पाणी बाहेर यायच्या आधीच मी तो भरला होता. खरं मोजणारी एक आयाबाई होती. माझ्यामुळे तिला धुलाईघरात धाडलं."