उतरलेली टाकी

बिअरवाल्या काकांचं नाक गेल्या तापात गेलं. कुणाचं नाक कापलं गेलं की चारचौघांना कळतं; यांचं चेहऱ्यावर शाबूत राहून गेलं, त्यामुळे ठाऊक होतं ते फक्त काकूंना. तापानंतरच्या पहिल्याच टाकीची तक्रार आली. तेव्हापासून काकू देवाचं आटोपून, डबा द्यायच्या निमित्ताने कारखान्यात येत. थेंबालाही न शिवणारी ही बाई पेला नाकाशी धरी आणि सांगे, "हं, चांगलीय," नाहीतर, "थांबा अजून."

सोमवारी काकू बहिणीच्या बाळंतपणाला गेल्या. बुधवारी मालकांनी फर्मावलं, "प्रवासी आलेत चव बघायला. नवी टाकी उघडा. आणि काका, पुन्हा तक्रार आली तर टाक्या माझा पुतण्या बघेल."

काकांनी जिभेवर घेऊन पाहिली. कडू, एवढंच कळलं. चोवीस वर्षांचा हात आहे, असं मनाला बजावत त्यांनी तोटी सोडली.

प्रवासी म्हणजे एक नवराबायको. नवऱ्याने घोट घेतला आणि पेल्याकडेच बघत राहिला. "इथली चव अशीच असते का?"

बायकोने नुसता वास घेतला. "उतरलीय ही."

"हो ताई, सकाळीच उतरवली," काका खुशीत म्हणाले. टाकीतून पिंपात काढण्याला ते उतरवणंच म्हणत.

"तसं नाही हो काका. डब्यातलं अन्न उतरतं ना, तशी."

मालक दाराशी उभे होते. काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. नवी चव आहे, सवय लागते, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. प्रवाशांचं काय, आज इथे, उद्या तिथे. तेवढ्यात नवऱ्याने भिडेखातर पेला पुन्हा उचलला.

"साहेब, पिऊ नका." काकांनी तोटी बंद केली. "मालक, तापापासून मला वास येत नाही."

मालक पुढे आले. पेला हुंगून त्यांनी मोरीत ओतला.

"मग मागच्या दोन टाक्या कुणी पास केल्या?"

"हिने."

"काकूंनी? त्या तर बाटलीकडे बघतसुद्धा नाहीत."

"बघत नाही. वास घेते."

प्रवासी ताई तोंडावर रुमाल धरून खिडकीकडे वळल्या. मालक मात्र हसले नाहीत.

"कधी येणार त्या?"

"शनिवारी."

"मग शनिवारपर्यंत टाकीला हात लावू नका. आणि त्यांना म्हणावं, डब्याचं निमित्त नको. सरळ कामावर या."