हिरवा ठिपका

परवा निमगाव केतकीच्या बाजारात एका विक्रेत्यानं लेझरचा हिरवा ठिपका माझ्या पदरावर नाचवला आणि माझ्या हातातली पिशवी गळून पडली. तसलाच लेझर आमच्या सांगवीच्या मळ्यात होता, डाळिंबावर तिन्हीसांजेला येणारी वटवाघळं हाकलायला आणलेला. तेव्हा बारामतीला विमान चालवायला शिकणारी एक मुलगी आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. पहिल्यांदा एकटीनं विमान न्यायचं ठरलं, त्या सकाळी ती म्हणाली, "काकू, उतरताना तुमच्या मळ्यावरूनच येईन. बघा हं." संध्याकाळी ठिबकनं भिजलेल्या मातीचा वास सुटला होता, आम्ही नवरा-बायको बांधावर उभे होतो. घरघर ऐकू आली. काकू बघतेय हे तिला कळावं, म्हणून मी लेझर विमानावर धरला. "एवढ्या वरनं तिला दिसंल व्हय?" नवऱ्यानं विचारलं. "न दिसायला काय झालं?" म्हणत मी तो हलवत राहिले. विमान एकदम डुललं. ती ओळख देतेय असं वाटून आम्ही दोघं केवढे हसलो! पुढं ते धावपट्टीवर आपटलं. ती वाचली, पण कमरेखाली लुळी पडली. डोळ्यांत हिरवा उजेड शिरला, मग काहीच दिसेना, एवढंच तिला सांगता आलं. दर दिवाळीला तिचा फोन येतो. "काकू, त्या दिवशी मला पाहिलं होतंत ना?" ती विचारते. आणि मी दरवेळी सांगते, "न्हाय गं बाई, आमी त्या दिवशी मळ्यात नव्हतोच."