दोन्ही छोटूच, मग बंटी कुठं?

चहा घ्या आधी, आणि ही टोपी काढायला लावू नका. काढतो, पण सगळं सांगून झाल्यावर. अहो, मी काय हौसेनं डोकं भादरलं? माझ्याच हुशारीचं फळ आहे हे!

माझी धाकटी बहीण वंदी दवनीवाड्याला दिली आहे. तिला जुळे पोरगे झाले. थोरला बंटी, धाकटा छोटू. नाक तेच, डोळे तेच, रडणंसुद्धा एकाच सुरात!

जन्मल्यावर छोटू काही दिवस काचेच्या पेटीत होता. वाचतो की नाही असं झालं होतं. तेव्हा वंदीनं मातामाय देवीला नवस बोलला, "पोरगा घरी आला तं त्याचं जावळ तुयाच दारात काढीन, तोवर केसाले वस्तरा लागू देणार नाई." पोरगा घरी आला, वर्षाचा झाला. आता तिच्या सासरची रीत अशी, की थोरल्या नातवाचं जावळ घरच्याच आंगणात, मामाच्या मांडीवर. म्हणून ठरलं, सकाळी घरी बंटीचं, दुपारी मातामायच्या दारात छोटूचं. मामा एकच. म्हणजे मी!

देवरीहून सकाळच्या बसनं निघालो. सोबत दोन झबली, दोन्ही पिवळी. बायको सांगून थकली होती, "येक लाल घ्या ना जी." पण मी ऐकेन तर शपथ!

वंदीनं झबली घातली न् कपाळावर हात मारला.

"काऊन गा दादा, दोनीबी येकाच रंगाचे? आता तू ओळखशीन कसा?"

"तूच सांग ना खूण."

"छोटूचा डावा कान बाहेर आला हाय, सुपावानी. बंटीचा उजवा."

"बस्स? येवढंच? कान पायतो न् ओळखतो!"

"ओळखशीन ना बराबर? नवसाचा पोरगा हाय माया."

"अवो, मी का आंधळा हाओ?"

ती आरतीचं ताट करायला आत गेली. मी खोलीत गेलो. दोघं सतरंजीवर उताणे पडून पायाचा अंगठा चोखून राहिले होते. वाकून पाहिलं. एकाचा सुपासारखा कान माझ्या उजव्या हाताकडं. उजवा म्हणजे बंटी! उचलला न् आंगणात आणला. सोपं तर होतं!

न्हाव्यापुढं मांडी घालून बसलो. पोराची पाठ माझ्या पोटाला, तोंड न्हाव्याकडं. खाली पाहतो तर काय! कान डावीकडं! बाप्पा, हा तं छोटू!

उठलो न् धावत खोलीत. सतरंजीवरच्या दुसऱ्याकडं पाहिलं. त्याचाही कान डावीकडं! तोही छोटू! घरात दोन छोटू? मग बंटी गेला कुठं? मला तर घामच फुटला. हातातल्याला खाली निजवलं, तर त्याचा कान पुन्हा उजवीकडं. झाला की नाही परत बंटी! म्हटलं, देव पावला, सापडला एकदाचा.

वंदीला विचारायचं ना, असंच म्हणाल तुम्ही. अहो, एवढी बढाई मारल्यावर कोणत्या तोंडानं विचारू?

न्हावी वैतागला होता. "मामाजी, बैठो ना जल्दी! मुझे आगे भी जाना है. पोट्टं घेऊन कायले फेऱ्या मारून राहिले?"

बसलो. या वेळी मी खाली पाहिलंच नाही. मांडीवर बसला की पोरगा बदलतो, मग पाहायचंच कशाला?

अर्धं डोकं झालं न् वंदी ताट घेऊन बाहेर आली.

"दादाऽऽ! हा तं छोटू होय!"

"कसा छोटू? उजवा कान तूच सांगतला होता बंटीचा!"

"कोनाचा उजवा? त्याचा का तुया? पोराचा उजवा पोराकडूनच पायतेत ना गा!"

घ्या! आता उजेड पडला डोक्यात. समोर होता तेव्हा त्याचा डावा माझ्या उजवीकडं, मांडीवर बसला की माझ्या डावीकडं. पण उपयोग काय? वंदी मटकन खाली बसली न् रडायला लागली. "मायनं पोरगा परत देल्ला, न् माह्याच्यानं तिचा येवढा नवस पाळनं झाला नाई." खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझाच इतका राग आला की काय सांगू!

शेवटी तिच्या सासूबाई पुढं आल्या. "रडू नको वो. वस्तरा ठेवा खाली. अर्धे केस हायेत ना डोक्यावर? ते मायच्या दारात काढू. कापले ते फडक्यात बांधून तिलेच वाहू." मग माझ्याकडं वळल्या. "न् दंड म्हनून मामाजीबी आपले केस देतीन."

माझे केस! कानांवरून मागं वळवलेले, तेल लावून जपलेले! पण तोंड उघडायची सोय होती का?

बंटीचं जावळ झालं माझ्याच मांडीवर, पण वंदी त्याचा हात धरून उभी. मग पिकअपमधून निघालो. अर्धं डोकं भादरलेला छोटू माझ्या मांडीवर. रस्त्यानं लोक वळून वळून पाहून राहिले, न् हा त्यांना टाळ्या वाजवून दाखवतो!

मातामायच्या दारात त्याचे उरलेले केस उतरले. मग माझे. घ्या, ही काढली टोपी, पाहा तुम्हीच.

आणि एकाएकी वंदी हसायला लागली. सकाळपासून पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून हसते तर थांबेचना!

"दादा, तुया डावा कान पाय ना! सूपच हाय! छोटू तं मामावर गेला गा!"

एवढी वर्षं केसांखाली झाकलेला कान, मलाही ठाऊक नव्हता. तिनं मोबाइलवर फोटो काढला न् माझ्यापुढं धरला. मी नीट निरखून पाहिला.

"डावा कुठं? अवो, हा तं उजवा होय!"

सासूबाईंनी गुपचूप माझ्या मांडीवरून छोटूला उचलून घेतलं.