हेमलताची सासू आणि अठ्ठेचाळीस तास

आमच्या आठ नंबरच्या खोलीत किस्से इतके जमतात ना, की डबा खाताना सांगायला बसलं तर डबा तसाच राहतो. मी गोंदियाची. रोज सकाळच्या गाडीने अपडाऊन करते, तालुक्याच्या एका सरकारी दवाखान्यात. काम काय, तर नुकतीच डिलिव्हरी झालेल्या बायांशी बोलायचं: ताई, पुढचं बाळ कधी, आणि तोपर्यंत काय वापरणार? पाटीवर ‘समुपदेशक’ लिहिलंय, पण तो शब्द कोणी पूर्ण वाचत नाही. मी ‘गोळीवाली मॅडम’. सोबत रहांगडाले सिस्टर. बावीस वर्षं नोकरी झाली, बोलणं एकदम तोडून. आमच्या टेबलावर एक ट्रे असतो, त्यात तांबी, गोळ्या, इंजेक्शन, निरोध. बाळ अंगावर पीत असताना यातलं काय चालतं आणि काय नाही, हे मी दिवसातून वीसदा सांगते. आता झोपेतही सांगत असेन.

नावं बदललीत हं. बाकी सगळं जसंच्या तसं.

*

आठवड्याची एक गोळी असते. दुधावर काही परिणाम नाही, म्हणून बाळंतिणींना आवडते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची, नंतर एकदा. भानगड एकच, वार लक्षात राहत नाही.

नवेगाव बांधकडच्या एका गावच्या बायांनी यावर आपलंच डोकं लावलं. तीन महिने संपले की बाजाराचा दिवस धरायचा. बाजार करून आलं, पिशवी ठेवली, गोळी घेतली. मी तर ऐकून जाम खूश. एकदा तिथल्या आशाताईसोबत मुद्दाम त्या बाजारात गेले. वांगेवाली एका बाईच्या पिशवीत माल टाकत होती.

“अर्धा किलो वांगे, पाव मिरची. आन् गोळी घेजो आज.”

मागची बाई पुढे आली. वांगेवालीने तिच्याकडे नीट बघितलं.

“तू तं इंजेक्शनवाली ना व? तुले नाई.”

आणि मी इकडे रजिस्टर कुलपात ठेवते.

*

आमच्या भागात माहेर असलेली, गोंदियाच्या कापड दुकानदाराची सून आली होती. बाळ दोन महिन्यांचं. तिला मी हिंदीत पंधरा मिनिटं समजावलं. ही रोजची साधी गोळी आत्ता नको, दूध कमी होऊ शकतं, सहा महिन्यांनंतर बघू. हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, दीड महिना झाला की चालू करता येतं. ती मान डोलवत होती. मला वाटलं, काय भारी बोलतेय मी आज.

“आप खुद क्या यूज करती हो?”

“मेरी शादी नहीं हुई.”

तिने पर्स मांडीवर ओढली. “तो सिस्टर को बुला दो ना.”

सिस्टर आली. माझंच वाक्य न् वाक्य परत बोलली, तेही पाच मिनिटांत.

“हां,” ती म्हणाली, “अब समझ में आया.”

*

आता हेमलताचं सांगते. बावीस वर्षांची, अंगात मूठभर मांस. मोठी मुलगी सोळा महिन्यांची, अजून अंगावर पिते, आणि मंगळवारी सकाळी अकराला दुसरी मुलगी झाली. दोन्ही वेळी बीपी चढलं. या वेळी तर झटके येता येता राहिले. डॉक्टर मॅडम राउंडला आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, “दोन-तीन वर्षं हिला दिवस जाता कामा नयेत. गेले तर ही वाचेल याची गॅरंटी मी देणार नाही.”

डिलिव्हरीनंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आत तांबी बसवता येते. तेवढ्यात नाही झालं, तर मग दीड महिना थांबा. दीड महिन्याने ही येणार कशी? गाव बावीस किलोमीटर, गाडी नवऱ्याकडे. म्हणजे आमच्याकडे गुरुवारी सकाळी अकरापर्यंतचा टाइम. काय वापरायचं ते हेमलतानेच ठरवायचं, पण त्यासाठी तिला एकटीला विचारायला तर मिळालं पाहिजे.

मी ट्रे घेऊन वॉर्डात गेले. खाटेच्या पायथ्याशी सासू बसलेली, फुलवंताबाई. खिडकीपाशी नवरा, रोशन. तलावात मासे धरतो. मोबाइल बघत उभा होता, साधा वाटला. मी तांबीचा ‘तां’ काढला, तशी हेमलताने एकदा तिकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं.

“मॅडम, मंग या,” सासू म्हणाली. “आता नोका बोलू.”

बाहेर आल्या आल्या मी सिस्टरला म्हटलं, “व्हिलन सापडली.”

*

पहिली आयडिया माझी. “आजी, आधार कार्डाची झेरॉक्स लागते. दुकान गेटसमोर आहे.”

फुलवंताबाईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची किडनीच मागितली. पण गेली. मी पळत खाटेपाशी पोचले, स्टूल ओढलं, तर रोशन येऊन बरोबर सासूच्या जागी बसला.

“आई कुठी गेली?”

मी हेमलताला विचारलं, “चक्कर येते का?” आणि परत आले. नशीबच खराब.

बुधवारी सकाळी सिस्टरची आयडिया. “आजी, तुमचं पण वय झालं. ओपीडीत जाऊन बीपी पाहून घ्या.” आजी गेली. मी निघाले. या वेळी रोशन बिस्किटचा पुडा घेऊन बसलेला, दोन पाय वर.

दहा मिनिटांनी फुलवंताबाई आमच्या दारात उभी.

“माहं बीपी बराबर हाय,” सिस्टरला म्हणाली. “तुमचं पाहून घ्या.”

*

बुधवारी दुपारी सिस्टरचं डोकं फिरलं. “म्हातारी नाही हलत तर नाही हलत. हा पोरगा सदान्‌कदा तिथंच असतो ना, मग याच्याशीच बोलू.” रोशनला खोलीत बसवलं. तो ट्रेकडे असा बघत होता, जणू त्यातून काही उडी मारेल.

“मॅडम, ते दूध पाजून राहिली ना? मंग दिवस कायले जाते?”

“तुमची मोठी पीत होती की नाही?” सिस्टर.

“पिते ना. आता बी पिते.”

“मग ही दुसरी कुठून आली?”

रोशनने विचार केला. खरंच केला.

“हे तं चुकून आली.”

मी समजावलं, की बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, पाळी आली नसेल आणि दिवस-रात्र फक्त अंगावरचंच दूध असेल, तरच त्याचा भरवसा. वरचं खायला लागलं की संपलं. डॉक्टर मॅडम काय म्हणाल्या तेही सांगितलं. तो ऐकून घेत होता.

“तांबी-बिंबी लावाची नाई,” शेवटी म्हणाला. “दूध आटते. आमच्याकडं समदे म्हणतात. मी सही नाई करत.”

“तुमची लागतच नाही,” सिस्टर म्हणाली. “तिची लागते.”

“असं काय? मंग मी तिच्यापाशीच बसतो.”

तो गेल्यावर मी म्हटलं, “बघितलं? आई शिकवते आणि हा बोलतो.”

“शंभर टक्के,” सिस्टर म्हणाली.

*

गुरुवारी गाडीत मी सगळा रस्ता विचार करत आले. एक आयडिया नाही डोक्यात. सव्वानऊ झाले होते, म्हणजे पावणेदोन तास उरले. सिस्टर ट्रे पुसत होती. तेवढ्यात खोलीचं दार ढकललं गेलं. हेमलता, भिंत धरून. तिच्या मागे फुलवंताबाई, खांद्याशी बाळ. तिने आत येऊन कडी लावली.

“दोन दिवसापासून मलेच कायले हाकलून राहिल्या, बाई?”

सिस्टरने ट्रे पुसायचं फडकं खाली ठेवलं.

“मी उठली का तो येऊन बसते. म्हणून तं मी तिथं बसून होतो. त्याले पाठवा ना कुठी. झेरॉक्सले त्याले पाठवाचं, बीपीले त्याले पाठवाचं. शिकल्या-सवरल्या पोरी तुम्ही.”

“आता कुठे आहे तो?” सिस्टरने विचारलं.

“गावाले. मोठी लेक दुधासाठी रडून राहिली, घेऊन ये, म्हटलं. दीड तास लागते.” तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “इचारा आता हिले. मी बाहीर बसतो.”

मी ट्रे पुढे सरकवला. हेमलताचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. आठवड्याच्या गोळीवर तिने बोट ठेवलं आणि उचललं. “घरी सापडन त्याले.” इंजेक्शन. “दर तीन महिन्यानं मले कोण आणते?” तांबी तिने हातात घेऊन उलटसुलट बघितली.

“हे दिसत नाई ना?”

“नाही. आणि नको वाटली तर कधीही काढता येते.”

“दूध?”

“काही होत नाही दुधाला.”

“मंग हेच.”

सही तिने सावकाश केली, पूर्ण नाव. दहाला डॉक्टर मॅडमनी तांबी बसवली.

साडेदहाला रोशन आला, कडेवर मोठी. मी वॉर्डाच्या दारात होते. हेमलता खाटेवर धाकटीला पाजत होती. फुलवंताबाई पायथ्याशी, जिथे दोन दिवस होती तिथेच. रोशनने आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

“आई, या मॅडमनी काही केलं तं नाई ना?”

फुलवंताबाईने मोठीला त्याच्या कडेवरून घेतलं आणि हेमलताच्या कुशीत ठेवलं.

“मी हाय ना इथं बसून,” ती म्हणाली. “कोणाले येऊ देतो का?”