शेप्याची काडी

निलंग्याच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली होती आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, आंब्यांच्या पिशवीला बॅगांमध्ये जागा शोधत होते. नोकरीसाठी पहिल्यांदाच घर सोडत होते मी. आईचं एकच पालुपद, "वेळेवर जेवत जा गं." आंबे शेप्याचे होते. आमच्याकडं बांधावरच्या प्रत्येक आंब्याला नाव असतं: गोटी, खोबऱ्या, शेंदऱ्या. शेप्याला शेपूचा वास. बाहेरचा माणूस नाक मुरडतो, आम्ही कोयसुद्धा चोखून पांढरी करतो.

त्या कोया मी बाल्कनीतल्या कुंड्यांत लावल्या. रोपं तरारली तशी सगळ्या सोसायटीत मिरवलं, आमचा शेप्या पुण्यात आला म्हणून! व्हिडिओ कॉलवर अप्पा पोट धरून हसले. "अगं येडे, कोयीचं लेकरू आईवर जाईलच असं न्हाई. शेप्या पायजे तर शेप्याचीच काडी कलम करून बांधावी लागती. ही रोपं ऱ्हाऊ दे, काडी बसवायला खाली खुंट म्हणून कामी येतील."

पुढं कळलं की रस्ता रुंद होणार, त्यात शेप्या जाणार. पंचक्रोशीत तसलं दुसरं झाड नव्हतं. येते म्हणून कळवलं, रजा मिळायला आठवडा गेला, मिळाली तशी गावी पळाले. बघते तर काही शेंड्यांची पानं आधीच खुडलेली, कोंबांचे डोळे टपोरे फुगलेले. "तू येते म्हणलीस, त्याच दिवशी खुडली," अप्पा म्हणाले. "पानं काढली की काडी आतून भरती."

ओल्या फडक्यात गुंडाळून काड्या पुण्याला आणल्या. खुंटाला चीर दिली, काडीला पाचरीसारखं तासून आत बसवलं, पट्टी आवळली, वर प्लॅस्टिकची पिशवी. पण धीर कुठला! रोज पिशवी काढून बघायची. एकेक काडी वाळत गेली. आई फोनवर करवादली, "शिजता भात सारखा उघडून बघत्यात का?" तोवर तिकडं शेप्या तोडला होता आणि माझ्याकडं एकच काडी उरली होती. मग काय, चहासुद्धा कुंडीकडं पाठ करून प्यायला लागले.

आणि एका सकाळी पिशवीच्या आत तांबूस कोंब! मी अशी ओरडले की खालच्या काकू चप्पल न घालता धावत वर आल्या. पुढं पानं मोठी झाल्यावर एक चुरगाळून नाकाला लावलं. शेपू! अगदी तोच! हसू आणि रडू एकदमच आलं.

यंदा त्याला छान फांद्या आल्यात. परवा अप्पांचा फोन आला, "रस्त्यापासून आत खुंट लावून ठेवलेत. येताना शेप्या घेऊन ये." गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, आजवर मी घरून पिशव्या भरून आणत आले. पहिल्यांदाच घरानं माझ्याकडं काही मागितलंय, आणि मला लई म्हणजे लई आनंद झालाय.

आज सकाळी शेंड्यांची पानं खुडली. डोळे फुगले की निघते.