आलेला माणूस फोटोत आलाच पाहिजे

हा लेख लिहायला मी अडीच महिने लावले, हे आधीच कबूल करतो. गौरवग्रंथाच्या संपादक मॅडमनी तीनदा फोन केला. पहिल्यांदा मी गोकर्णला होतो, म्हटलं रेंज नाही. दुसऱ्यांदा नाशिकजवळ एका मित्राच्या ढाब्यावर होतो, म्हटलं ताप आहे. तिसऱ्यांदा इथेच चिखलोलीला, मॅडमच्या घरापासून वीस मिनिटांवर होतो, आणि म्हटलं, लेख झालाय, फक्त फेअर करायचाय. तेव्हा एक ओळही लिहिलेली नव्हती. मॅडम शाळेत मराठी शिकवायच्या आणि मी दहावीला मराठीतच लटकलो होतो, त्यामुळे त्यांना कळलं असणारच. म्हणाल्या, "पंकज, शुद्धलेखन मी बघेन. तू फक्त खरं लिही." तिथेच तर सगळं अडलं होतं.

यशवंतभाऊंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या त्यांच्या स्टुडिओने अंबरनाथ-बदलापूरपर्यंतच्या किती घरांच्या भिंती भरल्या, ते बाकीचे मान्यवर लिहितीलच. मी मान्यवर नाही. मी भाऊंकडे पाच वर्षं काम शिकलो आणि नंतर त्यांनी मला काढलं. का काढलं, ते खाली येईल. ते टाळण्यासाठीच गोकर्ण आणि नाशिक झालं.

भाऊंची पहिली भेट पासपोर्ट साइज फोटोसाठी झाली. मी एकोणीस वर्षांचा होतो, एमआयडीसीतल्या एका ठेकेदाराला गेटपाससाठी फोटो हवा होता. भाऊ म्हणाले, "कॉलर आत घे. कोणावर राग आहे का?"

"नाही."

"मग कॅमेऱ्याकडे असा बघू नकोस. त्याने तुझं काही वाकडं केलेलं नाही."

ते काम मी अकरा दिवस केलं. बाराव्या दिवशी पुन्हा स्टुडिओत गेलो. भाऊंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फोटो परत द्यायला आलास?"

"काम आहे का?"

"काय येतं तुला?"

"काही नाही."

"बरं झालं. मोडून काढायला काही नाही."

पहिला महिनाभर मला कॅमेऱ्याला हात लावायचा नव्हता. फक्त खुर्च्या लावायच्या. फॅमिली ग्रुपसाठी हॉलमध्ये खुर्च्या लावणं हे किती मोठं शास्त्र आहे, ते खुर्ची लावल्याशिवाय कळत नाही. कोण बसणार, कोण मागे उभं राहणार, कोणाला बसवलं नाही तर कोण रुसणार. त्यासाठी भाऊंची एक पद्धत होती, जी मी दुसऱ्या कुठल्याही फोटोग्राफरकडे पाहिली नाही. लग्नाच्या आठवडाभर आधी ते दोन्हीकडच्या घरी जायचे, कॅमेरा न घेता. चहा प्यायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि उठता उठता घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला हळूच विचारायचे, "आजी, तुमच्यात कोण कोणाशी बोलत नाही?"

आजीबाई आधी म्हणायच्या, आमच्यात असलं काही नाही. मग वीस मिनिटं थांबायच्या नाहीत.

ते सगळं वहीत जायचं. बदलापूरच्या एका लग्नात नवरीचे दोन मामा जमिनीवरून कोर्टात गेलेले होते. थोरला म्हणाला, "तो फोटोत असेल तर मी नाही." भाऊंनी त्यांना डाव्या टोकाला उभं केलं, धाकट्याला उजव्या टोकाला. मध्ये अठ्ठावीस माणसं. "आता तो तुम्हाला दिसतोय का?"

"नाही."

"मग तो नाहीच. हसा."

दोघंही फोटोत आहेत. भाऊंचा नियम एकच होता. आलेला माणूस फोटोत आलाच पाहिजे. भांडा, टोकाला उभे राहा, तोंड फिरवा, पण चौकटीच्या आत. आणि एकदा फोटोत आलेल्या माणसाला नंतर बाहेर काढायचं नाही. घटस्फोट झाला, पळून गेला, पैसे बुडवले, काहीही होवो. अशी गिऱ्हाइकं आठवड्याला एक तरी यायची. भाऊ त्यांना पाणी द्यायचे आणि सांगायचे, "तो त्या दिवशी तिथे होता ना? मग मी काय करू?"

काम करताना भाऊ फार कमी बोलायचे, पण बोलले की लक्षात राहायचं. कॅम्पातल्या एक सिंधी आंटी मुलाच्या सगाईला दर फोटोनंतर येऊन स्क्रीन बघायच्या. "यशवंत भाई, मेरेको थोडा पतला दिखाओ ना."

"आंटी, कॅमेरा है, जिम नहीं है."

आंटी एवढ्या हसल्या की तोच फोटो नंतर त्यांनी हॉलमध्ये लावला. तिथला पापड आणि कढी मला अजून आठवते. असो, विषय कढीचा नाही.

आमच्याकडच्या बौद्ध पद्धतीच्या लग्नांत वंदना सुरू झाली की भाऊ कॅमेरा गळ्यात सोडून हात जोडून उभे राहायचे. एकदा मी शूट करत राहिलो. नंतर त्यांनी विचारलं, "सगळ्यांनी हात जोडले होते. तुझे कुठे होते?" मी म्हटलं, कॅमेऱ्यावर. म्हणाले, "मग तू लग्नाला आला नव्हतास. पुढच्या वेळी ये."

मला कावीळ झाली तेव्हा मी खोलीवर एकटाच होतो. सुमनवहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, बावीस दिवस बिनतेलाचा डबा पाठवत होत्या. डबा घेऊन भाऊ स्वतः यायचे, दारातच ठेवायचे आणि म्हणायचे, "फुकट नाही. बरा झालास की खुर्च्या लावायच्या आहेत." अशा माणसाचं मी काय केलं, ते आता लिहितो.

गौरव समितीचे अध्यक्ष महेशशेठ यांचं लग्न दहा वर्षांपूर्वी अंबरनाथला झालं. फोटो भाऊंचे. तेव्हा मी भाऊंकडे नव्हतो, पण त्या फॅमिली ग्रुपची गोष्ट भाऊ नवीन माणसाला शिकवताना सांगायचे. सगळे उभे राहिले, भाऊंनी माणसं मोजली, एक कमी. घरातली थोरली सून, म्हणजे महेशशेठची वहिनी संगीताताई कुठे होत्या? मागे, भांड्यांपाशी, वाढप्यांना ओरडत. थोरल्या सुना लग्नाच्या फोटोंत सापडत नाहीत, कारण लग्न त्याच करत असतात. भाऊ स्वतः आत गेले. त्या म्हणाल्या, "मी कशाला? माझा अवतार बघा." भाऊंनी ऐकलं नाही. त्या पदराला हात पुसत आल्या आणि नवऱ्याच्या शेजारी, चार वर्षांच्या मुलीच्या मागे उभ्या राहिल्या.

पुढे संगीताताईंचे यजमान आजारपणात गेले. काही वर्षांनी ताईंनी दुसरं लग्न करायचं ठरवलं. सासरच्यांनी मुलगी ठेवून घेतली आणि ताईंना दार बंद केलं. त्याच सुमारास महेशशेठनी चिखलोलीला नवा फ्लॅट घेतला. हॉलमध्ये त्यांना तोच फॅमिली ग्रुप मोठा करून लावायचा होता, संगीताताईंशिवाय. भाऊंनी पाणी दिलं आणि नेहमीचं उत्तर दिलं. महेशशेठ मला बाहेर चहाच्या टपरीवर भेटले. "तुला जमतं म्हणे. की भाऊंना विचारून हात धुतोस?"

मला जमत होतं. हेच माझं दुखणं होतं. सरळ सांगतो, मी ते पैशासाठी केलं नाही, दबावाखाली केलं नाही. मला ते करून बघायचं होतं. मागचा पडदा वाढवला, शेजारच्या काकूंना थोडं सरकवलं, मुलीच्या खांद्यावर एक हात होता तो पुसून फ्रॉकची चुणी नव्याने रंगवली. दोन दिवस लागले. इतकं सफाईदार झालं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. महेशशेठ म्हणाले, ती ज्या आणखी दोन फोटोंत आहे तेही उडव. तेही उडवले. मग जे करायला नको होतं ते केलं. नवी फाइल जुन्या नावानेच सेव्ह केली आणि तो अख्खा फोल्डर, जिथे जादा प्रत ठेवलेली असायची त्या दुसऱ्या हार्ड डिस्कवर चढवला. मूळ फोटो दोन्हीकडून गेला. हे मला महिनाभर कळलंही नाही.

महिन्याने संगीताताई आल्या. त्यांच्याकडे नवरा, मुलगी आणि त्या स्वतः अशा तिघांचा एकत्र फोटो एकही नव्हता, अल्बम सगळे सासरी. भाऊ म्हणाले, "बसा ताई, आत्ता देतो." भाऊ संगणकावर शोधत होते आणि मी मागे उभा होतो. फोटो उघडला. भाऊ बघत राहिले. मग त्यांनी दुसरी डिस्क लावली. तीही बघितली. मग स्टुलावरून उठून त्यांनी त्या बाईसमोर हात जोडले.

"ताई, चूक स्टुडिओची आहे. फोटो आमच्याकडून गेला."

"गेला म्हणजे?"

"आता मिळणार नाही."

ताई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पिशवी उचलताना एवढंच म्हणाल्या, "मी येतच नव्हते तेव्हा फोटोला. तुम्हीच आत येऊन बोलावलंत."

त्या गेल्यावर भाऊंनी मला मशीन बंद करायला सांगितलं. मी वाट बघत होतो, शिवी येईल, थप्पड येईल. भाऊ म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." बस. त्या थप्पडीची मी चार वर्षं वाट बघतोय, गावोगाव फिरून बघतोय. ती मिळाली असती तर कदाचित कुठेतरी टिकलो असतो. या एका गोष्टीसाठी माझा भाऊंवर राग आहे, आणि गौरवग्रंथात तो लिहू नये असं कोणी म्हणत असेल तर म्हणो.

आता वाचकांनी एक गोष्ट नीट ऐकावी. भाऊंनी माझं नाव कोणालाही सांगितलं नाही. ताई बाहेर बोलल्याच असतील, बोलायला हवंच होतं. धंद्याच्या या लाइनमध्ये बातमी पसरली की यशवंतच्या स्टुडिओत लोकांचे फोटो सांभाळत नाहीत. नवी लग्नं यायची थांबली. आज समितीत बसून शाल निवडणाऱ्या बहुतेकांच्या घरची लग्नं कल्याणहून आलेल्या ड्रोनवाल्यांनी केली, भाऊंना पत्रिका गेली ती पाहुणा म्हणून. ज्या माणसाने आयुष्यभर मंडपात माणसं मोजली, तो आता आधार कार्डाचे आणि शाळेच्या फॉर्मचे फोटो काढतो. "भाऊंचं वय झालं हो," असं लोक म्हणतात. वय झालेलं नाही. माझी चूक त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली आहे. भाऊंच्या मोठेपणाचा दाखला मागत असाल तर माझ्याकडे एवढाच आहे आणि तो पुरे आहे.

मी हे कधीच लिहिलं नसतं. पण मागच्या आठवड्यात महेशशेठनी ग्रंथाची छापायला तयार पानं मोबाइलवर पाठवली. चौदाव्या पानावर तोच फॅमिली ग्रुप आहे, मी पुसलेला. खाली ओळ आहे, 'यशवंतभाऊंच्या कलेचा अविस्मरणीय नमुना.' मी फोन केला.

"चौदाव्या पानावरचा फोटो काढा, महेशशेठ."

"का? किती क्लीन आहे! तू लेख दे रे बाबा. गोड लिही. शेवटी डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"तो भाऊंचा फोटो नाही."

"कॅमेरा त्यांचा, स्टुडिओ त्यांचा. मग कोणाचा?"

"संगीताताई कुठे आहेत त्यात?"

मग ते हसले. "तूच पुसलीस आणि तूच विचारतोस? भारी आहेस."

खरं आहे. म्हणून त्यांच्यावर मी फार चिडू शकत नाही, चिडायचा हक्कही मी तेव्हाच पुसून टाकला. पण माझं खोटं काम भाऊंच्या नावाने, भाऊंच्या साठीला, भाऊंच्याच हातात पुस्तक म्हणून द्यायचं, एवढं तरी होऊ नये. मॅडम, चौदावं पान आणि हा लेख, यांतलं एकच छापता येईल. पान ठेवणार असाल तर माझा लेख फाडून टाका. लेख ठेवणार असाल तर त्या पानावर काही नाही छापलं तरी चालेल.

यशवंतभाऊंना दीर्घायुष्य लाभो, असं प्रत्येक लेखात असेल. माझं मागणं लहान आहे. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, कारण स्टुलावर चढून मागच्या रांगेला दटावणारा आवाज दुसऱ्या कोणाकडे नाही. साखर ताब्यात राहो. डोळे निरोगी राहोत आणि पुन्हा एकदा एखाद्या भरल्या मंडपात त्यांनी माणसं मोजावीत, मोजणी बरोबर यावी. वहिनींच्या हातचं खाऊन त्यांनी अजून पुष्कळ वर्षं लोकांना हसा म्हणून सांगावं. मला बोलवलं नाही तरी चालेल.

इथे सही करणार होतो, पण आत्ताच सुमनवहिनींचा फोन येऊन गेला. चार वर्षांत पहिल्यांदा. "कुठे आहेस?"

"चिखलोलीला."

"रिक्षा पकड आणि स्टुडिओत ये. ती मुलगी आली आहे."

"कोण मुलगी?"

"संगीताची. एकटीच आली आहे, शाळेच्या कपड्यांत, दप्तरासकट. काकाच्या टेबलावरून ते फोटोचं पान घेऊन आली. घरचे सांगतात, आई त्या दिवशी फोटोला नव्हतीच. ही म्हणते, होती, मला आठवतंय."

"भाऊ काय म्हणाले?"

"तिला खुर्ची दिली. म्हणाले, बस बाळा, ज्याला माहीत आहे तो येतोय."