ढब्बूच्या दारातली बादली

आमच्या थोरल्या जाऊबाईंना तबेल्यावर सगळे 'कारलं' म्हणतात. पाठीमागे, हं! तोंडावर म्हणायची कोणाची छाती आहे? पण त्यांना पक्कं ठाऊक आहे. "कारलं तर कारलं, पोटाला बरं असतं," म्हणतात आणि पुन्हा फावडं हातात घेतात.

या कारल्याचा सगळा जीव ढब्बूमध्ये. ढब्बू म्हणजे आमचा बुटका, करडा, ढेरपोट्या घोडा. आमच्याकडे घोडेस्वारी शिकायला पोरं येतात, त्यातल्या नवख्यांना पहिल्यांदा बसवायचं ते याच्याच पाठीवर. पोर किंचाळो, मानेला लोंबकळो, हा आपला ढिम्म. असल्या गुणी जनावराचे लाड कोण करणार नाही?

त्या लाडांनीच घात केला. एका सकाळी ढब्बू जागचा हलेना. पुढचे पाय ताणून, सगळा भार मागे टाकून उभा. जाऊबाईंनी खुराला हात लावला, तर खूर तापलेले. डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी स्पष्टच सांगितलं, "साखर बाधलीय. अशा जाड्या घोड्यांना गोड जास्त झालं की खुराच्या आत सूज येते. या वेळी निभावेल. पण पुन्हा असं झालं तर वेदनेतून सोडवायला मला त्याला कायमचं झोपवावं लागेल."

डॉक्टरीणबाईंची गाडी वळते न वळते तोच जाऊबाईंनी भिंतीवरची घोड्यानं चाटायची गोड वीट उपटून काढली. ती आमच्या भाऊजींनी, म्हणजे त्यांच्याच नवऱ्यानं, मोठ्या हौसेनं आणलेली. म्हणे, घोड्याला क्षार मिळतात! क्षार कसले डोंबलाचे? निम्मी तर उसाची मळी होती तिच्यात. महिनाभर पुरायची वीट ढब्बू दोन दिवसांत कराकरा चावून फस्त करायचा. जाऊबाईंनी तिच्या जागी साध्या मिठाची वीट आणली आणि तीही भिंतीला नाही, तर मधोमध आढ्याला दोरीनं टांगली. चाटायला गेलं की झुलते, चावायला गेलं की पळते. ढब्बूनं तिच्याशी दिवसभर भांडण केलं आणि शेवटी गरजेपुरतं चाटून गप्प बसला.

गोड खाऊ बंद, असं सगळ्यांना बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण ढब्बूचं वजन काही उतरेना. खोगिराचा पट्टा आपला शेवटच्याच भोकावर!

"हा खातोय तरी कुठं?" जाऊबाई कावल्या.

"हवा खाऊन फुगतोय," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा ठेवायला निघून गेले.

मला वाटलं, आता एकेकाची खरडपट्टी निघणार. कुठलं काय! त्यांनी ढब्बूच्या दाराला एक रिकामी बादली टांगली आणि मधाळ आवाजात सांगितलं, "द्या, खुशाल द्या. फक्त तोंडात नको, यात टाका. संध्याकाळी मी स्वतः भरवीन."

कारलं आणि मधाळ! मी तेव्हाच ओळखलं, काहीतरी शिजतंय.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि बादली पोत्यावर उपडी केली. सफरचंदाच्या फोडी, गाजरं, बिस्किटं, साखरेचे खडे, क्रीम लागलेला केकचा तुकडा आणि मूठभर पेपरमिंटच्या गोळ्या.

"मी तर फक्त..." भाऊजी पुटपुटले.

"सगळ्यांनी फक्तच दिलंय," जाऊबाई म्हणाल्या. "आणि हे सगळं एका पोटात, रोज. त्याला मारायचंय का तुम्हाला?"

तेवढ्यात आमचे मामंजी काठी टेकत पुढे आले आणि पोत्यावरच्या पेपरमिंटच्या गोळ्या एकेक करून वेचायला लागले.

"माझ्या आहेत," सासरेबुवा म्हणाले. "घरात हाक मारली की सगळे 'आलो, आलो' म्हणतात, येत कोणी नाही. हा येतो. पण गोळीशिवाय नाही यायचा तो."

जाऊबाईंनी त्यांना काही बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी मामंजींच्या हातात ब्रश दिला आणि त्यांना ढब्बूजवळ नेलं. "इथं, मानेच्या मुळाशी. चांगलं जोर लावून." मामंजींनी खरारा सुरू केला, तशी ढब्बूनं डोळे मिटले आणि वरचा ओठ लांबवला. मामंजी खुदकन हसले. तेव्हापासून रोज सकाळी त्यांची जोडी ठरलेली. बादली दारातच राहिली, पण त्यात पडणारा खाऊ आटत गेला, आणि खोगिराचा पट्टा एकेक भोक आत सरकू लागला.

मग परीक्षेचा दिवस आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फरशीवर पळवून दाखवा. कडक जमिनीवर दुखणं लपत नाही."

जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक. भाऊजी म्हणाले, "साखर दाखवतो, धावत येईल."

"खबरदार!" जाऊबाई कडाडल्या. मग मामंजींकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुम्ही बोलवा त्याला."

मामंजी फरशीच्या त्या टोकाला जाऊन उभे राहिले. हात मोकळे. "नाही आला तर, सूनबाई?"

"हाक तर मारा."

"ढब्बूऽ!" म्हाताऱ्याचा आवाज चिरकला.

ढब्बूनं कान टवकारले. एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि मग टपटप टपटप, चारी खूर एका लयीत, ना लचक ना अडखळ. थेट गेला तो मामंजींच्या छातीला नाक लावायला! मोकळे हात हुंगले आणि मान वळवून मानेचं मूळच त्यांच्या हाताखाली आणून ठेवलं.

"अगदी ठणठणीत!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"जिंकलो गंऽऽ!" आमच्या कारल्यानं अशी आरोळी ठोकली की छपरावरची कबुतरं उडाली. मला मिठी मारून गरागरा फिरवलं, लिदीनं भरलेल्या हातांनी! माझी नवी साडी गेली. जाऊ दे मेली.

"आज सफरचंदाची एक फोड चालेल त्याला," डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. भाऊजी लगेच घराकडे पळाले.

मामंजी ढब्बूची मान खाजवत होते. मागे न बघताच म्हणाले, "राहू दे रे. आलाय ना तो."